टेपमधली सवत

आमचे हे क्रेन दुरुस्तीच्या कामावर कुवेतला गेले होते. दोन वर्षांनी धुळ्याला आले ते नेमके श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. सोबत भलामोठा टेप आणि एकच कॅसेट. तिच्यावर काजळ ओढलेली एक बाई. सकाळी दाढी करताना हे तीच लावायचे आणि अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून डोळे मिटायचे.

गाणं अरबी, एक अक्षर कळेना. पण बाई आतून जळतेय, कुणाला तरी बोलावतेय, एवढं कळायला भाषा कशाला लागते? आणि त्या जळण्याखाली असा ठेका, की पोळपाटावर माझं लाटणंसुद्धा तिच्या तालावर चालायला लागलं. रडता रडता नाचायला लावणारी बाई. तिच्यापुढे मी म्हणजे मीठ विसरलेली आमटी.

शेजारच्या खालांना कुराणापुरतं अरबी वाचता यायचं. घरात कुणी नसताना त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, मी वाचते फक्त, ही बोली मला समजत नाही. पण परकी बाई एवढ्या हक्काने भांडत नाही, ही बायकोच असणार. झालं. मी शहाणीने अर्थ लावला, यांनी तिकडे लग्नच केलंय. रात्रभर पांघरुणात थरथरत होते. यांनी विचारलं तर मी म्हटलं, हिवताप.

विसर्जनाच्या दिवशी यांनी बँडवाल्याला तीच चाल शिकवली. कानबाई पुढे पांझरा नदीकडे निघालेली, क्लॅरिनेटवर माझी सवत, आणि मागे अख्खी गल्ली नाचतेय. सासूबाईसुद्धा. मीही नाचत होते. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून यांच्याजवळ सरकले.

"ती कोन शे?"

"कोन ती?"

"टेपमधली."

हे हसले नाहीत, त्याने मी आणखी घाबरले. मग सांगितलं, कामावर नेणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे ही एवढीच कॅसेट होती. रोज पहाटे तीच. एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, फिटरने अर्थ सांगितला, ती विचारते, रात्रभर कुठे होतास, तुझ्याकडे कोण बघतं, घरी कधी येशील.

"माले वाटे, तूच बोली राहिनी," हे म्हणाले. आणि त्याच दमात, दिवाळीनंतर परत जावं लागेल.

माझे पाय थांबले. म्हटलं, "तुम्हीन जा. ती बाई आठेच राहू द्या."

हे गेले. टेप आणि बाई राहिली. दुपारी कडी लावून, पदर खोचून मी एकटी नाचायचे. कुणी पाहिलं असतं तर देवऋषी बोलावला असता. पण मधेच वाद्यं थांबायची, तिचा तो प्रश्न यायचा, घरी कधी येशील, आणि मी धावत जाऊन टेप बंद करायचे. त्या गाण्यात तिला शेवटपर्यंत कुणी उत्तर देत नाही, हे यांच्या जाण्यापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.