संगणकाला घातलेला हार

दसऱ्यानंतरचा सोमवार, फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. हजर: मी, धाकटी बहीण सुषमा, दुरुस्तीवाले मोरेश्वरभाऊ.

वाळक्या झेंडूचा वास आला की मोहाडीतली ती दुपार आठवते. सुषमाचा नर्सिंगचा फॉर्म अर्धा झाला की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होई. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. प्लग, वायर, स्विच, मी सगळं यादी करून तपासलं.

"ताई, काहून बंद होऊन राहिला? पाच वाजून राहिले."

भाऊंनी संगणकाचा डबा उघडला. पंखा झेंडूच्या पाकळ्यांनी अडला होता. "पूजेचा हार मशीनवरच ठेवला का? तापून बंद होते ना, बाई."

"आईनंच ठेवला असंल," सुषमा रडत म्हणाली. तोवर पाचची मुदत संपली होती.

हार मी घातला होता. सुषमाला ते सांगायचं अजून राहिलंय.