सुतकातलं चीज

“आतमधी काहीतरी मेलंय,” आत्या नाकाला पदर लावून चुलतीला सांगत होती. दोघी मागच्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. मी मोरीत सतरंज्या धूत होते. त्यांना मी दिसत नव्हते.

आईचा दहावा उरकून आम्ही नुकतेच नदीवरून घरी आलो होतो. सुतक फिटलं म्हणून सगळं घर धुवायला काढलेलं. त्या खोलीत मेलेलं काही नव्हतं. आईने केलेलं शेवटचं चीज होतं.

आमच्या गायींचं दूध संकलन केंद्रावर जायचं. त्यातलं थोडं आई ठेवून घ्यायची. भोकांचं स्विस चीज करायला ती एका प्रशिक्षणात शिकली होती, पण सूचनांचे कागद सगळे इंग्रजीत. मी वाचायचे, मनातल्या मनात मराठी करायचे आणि तिला सांगायचे. माझ्या शाळेचा घरात एवढाच उपयोग होता. दूध कोमट करून विरजण घालायचं, मग दूध थिजवणारं रेनेट. दूध थिजलं की ते तारेने बारीक कापायचं, तापवत ढवळायचं, साच्यात दाबायचं, मिठाच्या पाण्यात बुडवायचं. आधी गारव्यात ठेवायचं, मग काही आठवडे उबेत. उबेत विरजणातले जिवाणू वायू सोडतात, त्यानेच भोकं पडतात.

पहिलं चीज उबेत फुगलं तेव्हा ती घाबरली. गाईचं पोट फुगलं की डॉक्टर कुशीत नळी खुपसून वायू काढतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिने पोती शिवायचा दाभण आणला आणि चीजला टोचला. त्या भोकांतून बुरशी आत गेली, सगळं वाया गेलं. पुढे ती स्वतःच हसत सांगायची, की मी त्याला जनावरच समजले.

चीज घ्यायला येणारे लोक ठरलेलंच विचारायचे. भोकं उंदरांनी पाडली का, हे शाकाहारी आहे का, पनीर लगेच होतं मग याला महिने का लागतात, एवढा वास येतो तर नासलं नाही ना. आई न कंटाळता सांगायची. आपलं रेनेट वासराच्या पोटातलं नाही, बुरशीपासून केलेलं आहे. पनीर ताजं खायचं, हे पिकू द्यायचं. मी तिच्या मागे उभी असायचे. कुणी माझ्याकडे वळलं की चहा टाकायला आत जायचे.

हे शेवटचं चीज उबेत ठेवलं आणि थोड्याच दिवसांत ती गेली.

सुतकात त्या खोलीत कुणी जायचं नाही, असं आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं. सुतकात हात लागला तर लोणचंसुद्धा नासतं, हे तर दुधाचं. पण चीज रोज उलटावं लागतं, पुसावं लागतं. शेजारच्या ख्रिस्ती मावशी आमच्यासाठी डबा आणायच्या आणि जाताना तेवढं करून जायच्या. त्यांना सुतक नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आईजवळ बसून त्यांनी ते कितीदा पाहिलं होतं. मी ओसरीवरून त्यांची पाठ बघत राहायचे.

आता आत्याने वडिलांना बोलावलं. “फुगून बसलंय बघ. सुतकातलं हाय, घरात ठिवू नको. उकिरड्यात पुरून टाक.”

माठ, बरणीतलं लोणचं, पिठाचा डबा आधीच बाहेर गेले होते. वडिलांनी चीज कापडासकट उचललं. उद्यापासून सगळंच दूध केंद्रावर घालू, असं ते कुणाकडेही न बघता म्हणाले. मग बोलून गेले, “तिच्यामागं आता कोन करनार?”

चुलतीने खोलीत पाण्याची बादली ओतली. पाणी आई चीज ठेवायची त्या फळीखालून वाहत माझ्या पायापर्यंत आलं. मी दारात कधी येऊन उभी राहिले ते मला कळलं नव्हतं. वडिलांना वाट हवी होती, म्हणून ते थांबले. इतक्या जवळून चीजचा वास आला, आईच्या पदराला यायचा तसाच. मी ओल्या बोटांनी त्यावर टकटक केलं. भोकं पडली का ते बघायला ती करायची तसं. आतून पोकळ आवाज आला.

“दादा, ते फळीवर ठेवा,” मी वडिलांना म्हणाले. “मेलेलं नाहीये ते, पिकतंय. उद्यापासून मी उलटवीन.”