साक्ष आणि सुई

माझा राग नाकावर असतो, हे जळगावच्या मेहरूणमधल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून साक्षीची वेळ आली की पाळकसाहेब माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. साक्ष म्हणजे रविवारच्या उपासनेत उभं राहून, देवानं आपल्यासाठी काय केलं ते चार लोकांसमोर सांगायचं. गीतं झाली, प्रार्थना झाली, की पाळक विचारणार, कोणाला साक्ष द्यायची आहे का, आणि बायकांच्या सतरंजीवर चुळबुळ सुरू होणार. कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असायची, कोणाची हरवलेली म्हैस सापडलेली असायची. मला मेलीला ते कधी जमलं नाही. म्हैस सापडली तर सापडली, त्यात एवढं उभं काय राहायचं, असं वाटायचं, आणि मला वाटलेलं माझ्या तोंडावर लगेच दिसतं.

अक्कांचं नेमकं उलटं. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. आख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायची. त्या चाळीसगावकडच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. तरुणपणी माझ्या सासऱ्यांबरोबर प्रभूकडे आल्या, ख्रिस्ती झाल्या, आणि माहेरचं दार जे बंद झालं ते झालंच. भावाच्या लग्नालासुद्धा कोणी बोलावलं नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण अहिराणीत साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की पुरुषांच्या बाजूचं खोकणंही थांबायचं. भावकी गेली, माहेर गेलं, आणि त्या सगळ्याच्या जागी त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती, मंडळीसमोर दिलेला आपला शब्द. हे मला फार उशिरा कळलं.

अक्कांना साखरेचं दुखणं होतं. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली आणि ती द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एका दुपारी मला ते शिकवलं. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट, तेव्हा घरोघर काचेची सिरिंज. रोज सकाळी ती पातेल्यात उकळायची. औषधाची बाटली थंड जागी ठेवायची, पण जळगावच्या उन्हाळ्यात थंड जागा आणायची कुठून? आमच्याकडे फ्रीज नव्हता, शेजारच्या वहिनींकडे होता. त्यांची यावलकडे केळीची बाग, घरात रोज संध्याकाळी आरती, आणि फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याला लागून आमच्या अक्कांची बाटली.

सुई टोचण्याआधी अक्का प्रार्थना करायच्या. साधीसुधी नाही, चांगली लांबलचक. त्यात घरातले सगळे यायचे, पाळक यायचे, वहिनींची केळीची बाग यायची, आणि शेवटी ठरलेलं, "प्रभू, या पोरना हात हलका कर." माझा हात खरंच जड होता. पण मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, सकाळची शाळा, आणि आमेन होईपर्यंत माझा जीव घड्याळात अडकलेला. मी म्हणायची, अक्का, देवाला सगळं ठाऊक आहे, थोडक्यात आटपा. त्या हसायच्या आणि पुढच्या दिवशी आणखी एक नाव वाढवायच्या.

त्या वर्षी धुळ्यात मोठी सभा भरली. मी मूळची धुळ्याची, त्यामुळे माझ्या माहेरीच उतरलो. आमच्या उपासनेत पेटी आणि ढोलकी, तिथे मात्र कीबोर्ड, ड्रम, मोठाले स्पीकर. लोक उभे राहून हात उंचावून गात होते. अक्कांना ते इतकं आवडलं की त्या टाळ्या वाजवताना चपला कुठे काढल्या तेही विसरल्या. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. ज्यांनी विश्वासानं बरं होणं स्वीकारलं असेल त्यांनी हात वर करावेत, असं ते म्हणाले. मांडवभर हात वर झाले, त्यात अक्कांचाही होता. त्या परत आल्या तेव्हा चेहरा उजळलेला होता, आणि खरं सांगते, मलाही भरून आलं. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या साक्षीला उभ्या राहिल्या. देवानं मला बरं केलं, आता मला सुईची गरज नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाळकांनी डोळे पुसले. मी खाली बसून सतरंजीचे धागे ओढत होते.

सोमवारी सकाळी मी सिरिंज उकळली तर त्यांनी हात पुढे केला नाही. मी म्हटलं, आधी रक्त तपासू, डॉक्टर म्हणाले तर बंद करू. नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भांडले, भांडी आपटली, नवऱ्यावर तोंड टाकलं. आईच्या विश्वासाच्या आड मी कसा येऊ, एवढंच तो बिचारा म्हणाला. शेजारच्या वहिनी भिंतीवरून विचारायला लागल्या, बाटली न्यायला कोणी येत नाही, अक्का गावाला गेल्या का? मी खरं ते सांगितलं. तुमच्या देवानं बऱ्या केल्या का मग, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं आणि मी दूध उतू जातंय म्हणत आत पळाले.

कारण अक्का बऱ्या झाल्या नव्हत्या. तांब्यानं पाणी पीत होत्या आणि तहान जात नव्हती. चोळ्या ढिल्या व्हायला लागल्या. पायाला खिळा लागला होता, ती जखम ओलीच राहिली. चुलीपुढून उठताना भिंत धरायच्या आणि मी बघितलं की भिंत पुसत असल्यासारखं करायच्या.

शेवटी मी पाळकांना घरी आणलं. ते भले माणूस. औषधही देवाचंच दान आहे, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला आणि मग म्हणाल्या, "मी बठ्ठासमोर सांगेल शे. आते सुई लिसू तर देवले खोटा पाडू का मी?"

सगळ्यांसमोर सांगितलेलं मागे कसं घ्यायचं, यावर पाळकांनी हात टेकले. साक्ष देण्याची आमच्याकडे रीत होती, परत घेण्याची नव्हती. तशी कोणी घेतलेली त्यांनी ऐकली नव्हती, आम्हीही नव्हती. त्यांनी प्रार्थना केली आणि गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, रागानं आणि भीतीनं. ही बाई आता देवाचं नाव राखता राखता माझ्या डोळ्यांदेखत मरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग एका दुपारी शेजारच्या वहिनी आमच्या दारात आल्या. बरोबर यावलहून आलेली त्यांची नणंद आणि नणंदेची दहा-अकरा वर्षांची मुलगी. पोर काटकुळी, डोळे मोठे. तिलाही साखरेचं दुखणं, तेही लहानपणापासूनचं. नणंदेनं केळ्यांची फणी अक्कांसमोर ठेवली आणि पायाला हात लावला. देवानं तुमची सुई बंद केली असं वहिनींकडून ऐकलं, म्हणाली. घरात रोज रडारड होते, पोरगी सुई बघितली की माळ्यावर लपते. तुमच्या देवाची प्रार्थना करा आणि सांगा.

"तुम्ही म्हणाल तसं करू, अक्का," ती म्हणाली. "बंद कर म्हणालात तर आजपासून सुई बंद."

मुलीनं न सांगता फ्रॉकची बाही वर केली होती. दंडावर टोचल्याच्या खुणा होत्या, अक्कांच्या दंडावर होत्या तशाच.

अक्का त्या दंडाकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला थोडंफार कळत होतं. ज्या लोकांनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं, त्यांच्यासारखंच एक घर आज आपल्या पायांनी चालत आलं होतं आणि त्यांच्या देवाचं नाव काढत होतं. सारा जन्म त्यांनी याच दिवसासाठी प्रार्थना केली होती. फक्त हो म्हणायचं होतं. मी दाराला धरून उभी होते.

"नही माय," अक्का म्हणाल्या. "सुई बंद नका करू."

नणंद गोंधळली. तिनं वहिनींकडे बघितलं, मग पुन्हा अक्कांकडे. "मग तुम्ही कशी बंद केली?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही, वहिनींकडे बघितलं नाही. त्या पोरीचा दंड हातात धरला होता, तो सोडला नाही.

"मी चुकनू, माय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि प्रार्थना केली. त्यांच्या मानानं अगदी छोटी. पोरीची भीती जाऊ दे, सुई देणाऱ्या आईला धीर दे, एवढीच. नणंदेचा चेहरा उतरलेला होता. तिला काही वेगळं हवं होतं, आणि ते न मिळता ती निघाली. पण जाताना मुलगी माझ्याकडे वळून विचारून गेली, सुई उकळल्यावर गार करून देता की गरमच? मी म्हटलं, गार करून, आणि आईला सांग घाई करू नको. अक्का कोपऱ्यात बसून होत्या. त्या लोकांची पाठ वळल्यावर म्हणाल्या, डॉक्टरकडे चल.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना जे झाडलं ते झाडलं, रक्त तपासलं, आणि सुई पुन्हा सुरू झाली. माझ्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली होती. जीव वाचला, मला आणखी काय पाहिजे? पण अक्कांची संपली नव्हती. मी म्हटलं, झालं गेलं ते घरातल्या घरात राहू दे, लोकांना कशाला सांगायचं? तर म्हणाल्या, ही पोर विचारायला आली म्हणून मला कळलं. न विचारता सुई बंद करणारे किती असतील?

रविवारी पाळकांनी साक्षीचं विचारलं आणि अक्का उठल्या. पाय अजून दुखत होता, उठायला वेळ लागला. लोक आधीच हसतमुखानं बघायला लागले, कारण अक्कांची साक्ष म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

"जे बठ्ठासमोर सांगं व्हतं," त्या म्हणाल्या, "ते बठ्ठासमोर परत लेस. माले बरं वाटेल नही. मी सुई लेस. तुम्हीबी तुमनं औषध सोडू नका."

दिलेली साक्ष अशी परत घेतली आणि बसल्या. एरवी साक्ष संपली की सगळे मिळून म्हणतात, प्रभूची स्तुती असो. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही. म्हणायचं की नाही तेच कोणाला कळेना. पेटीवाला खाली बघत बसला. पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी पुटपुटलं, विश्वास कमी पडला. ते ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. मी बसल्या जागेवरून, शाळेत ओरडते त्या आवाजात म्हटलं, "प्रभूची स्तुती असो." माझ्या तोंडून मंडळीत निघालेलं तेवढं पहिलंच. पाळक दचकले, पण मग त्यांनीही आमेन म्हटलं, आणि त्यांच्यामागून बरेच जण म्हणाले.

घरी येताना आम्ही दोघी मेहरूण तलावाच्या कडेकडेनं चालत होतो. उपासना सुटल्यावर एरवी चार जणी गप्पा मारत बरोबर असायच्या, आज कोणी थांबलं नव्हतं. अक्का हळूच म्हणाल्या, "देवले राग उना व्हई का वं?"

ज्याच्यासाठी माहेर सोडलं त्याचंच नाव आपण खाली आणलं, या भीतीनं त्या बाईचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि मला त्यांची फार माया आली. मी त्यांचा हात धरला.

"अक्का, ती पोरगी आज सकाळी सुई घेऊन अंगणात खेळत असेल," मी म्हटलं. "आणि तुम्ही म्हणता देव रागावला?"

त्या थांबल्या. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं.

"मंग चाल," म्हणाल्या. "माले भूक लागनी."