पेटीतली वाळू

माझ्या डाव्या भुवईत एक फट आहे. तिथे केस उगवत नाहीत. नातवंडं विचारतात तेव्हा ‘लढाईत लागलं’ म्हणून मी थाप मारतो. लष्करी डॉक्टरकडून एवढी अपेक्षा असतेच. खरं तर ती बडोद्याला, बाजव्याजवळच्या एका कामगार वसाहतीत, भर सकाळी पान्याचा फटका बसून पडली. ज्याने मारलं त्याच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही.

मी हवाई दलात फ्लाइट सर्जन होतो. नावात सर्जन असला तरी हा डॉक्टर सहसा सुरी धरत नाही. वैमानिक आज उडायला धड आहे की नाही हे ठरवणं, हे त्याचं काम. सकाळी नाडी बघायची, कान-नाक बघायचं, झोप झाली का विचारायचं आणि उत्तर खोटं वाटलं तर गृहस्थाला जमिनीवर बसवायचं. त्यामुळे सर्दी झालेला वैमानिक मला बघून शिंक गिळायचा. हा झाला कामाचा हसता भाग. विमान पडलं की त्यातला माणूस गोळा करायलाही आम्हीच जातो. तिथे मी आधी हात शोधायचो. शेवटच्या क्षणी माणूस काय करत होता हे हातांवरून कळतं.

सीमेजवळच्या एका वाळवंटी तळावर असताना आमच्याकडे एक तरुण वैमानिक आला. बडोद्याचा, घरी मराठी. मीही तिथलाच, संस्थानी नोकरदारांच्या घरातला. नाडी बघता बघता आमचं गुजराती-मराठीची मिसळ करत चालायचं. ‘केम छो सर, आज सोडणार ना?’ हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याच्या उजव्या तर्जनीचं नख उभं दुभंगलेलं होतं. लहानपणी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवताना मांजा नखाच्या मुळापर्यंत गेला होता. मी त्याला माझ्या बोटावरचा मांज्याचा व्रण दाखवला, तर म्हणाला, ‘हा तर खरचटा आहे सर.’ मला तो फार आवडायचा.

एके सकाळी मीच त्याला ‘जा’ म्हटलं. तो ठणठणीत होता. यंत्र बिघडलं.

वाळूत खड्डा पडला होता आणि जळक्या इंधनाने घसा सोलून निघत होता. भटकी कुत्री आमच्या आधी पोचली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका जवानाच्या हातातली काठी हिसकावून मी त्यांच्यावर धावलो आणि एकाचं कंबरडं मोडलं. ते केकाटत फरफटत गेलं, मला काही वाटलं नाही. मग आम्ही गुडघ्यांवर बसून वाळू चाळत राहिलो. अखंड असं एकच मिळालं: उजवा हात, कोपरापासून खाली, हातमोज्यासकट. आगीच्या धगीने मूठ आखडली होती आणि अंगठा मुळाशी मोडला होता. आदळताना विमान चालवायचा दांडा ज्याच्या मुठीत असतो, त्याचाच अंगठा असा मोडतो.

बाकीचं काय होतं ते मी लिहिणार नाही. ते इतकं थोडं होतं, की पेटी हलकी लागू नये म्हणून तिच्यात वाळूच्या पिशव्या ठेवल्या. असं करतात. झाकण स्क्रूने बंद केलं आणि हुकूम मिळाला, पेटी उघडायची नाही. बडोद्याचा म्हणून मलाच सोबत धाडलं; बरोबर आणखी एक अधिकारी आणि काही जवान होते.

त्याचे वडील तिथल्या कारखान्यात फिटर होते, खानदेशातून आलेले. घर वरच्या मजल्यावर होतं. पेटी खाली अंगणातच ठेवू, असं मी परोपरीने सांगितलं, पण आईला तो घरात हवा होता. पुढची बाजू वडिलांनी स्वतः खांद्यावर घेतली. जिन्याच्या वळणावर पेटी कलली आणि आतली एक पिशवी घसरून फळीवर धाडकन आदळली. सगळ्यांनी ऐकलं.

वडिलांनी पेटी तिथेच टेकवली. ‘काय सरकलं हे?’

मी पुढे होऊन कललेली पेटी सावरली.

‘माणूस असा सरकत नाही साहेब. यात माझा पोरगा नाही.’

ते घरात गेले आणि पाना घेऊन आले. माझ्याबरोबरच्या अधिकाऱ्याने त्यांना कवळ घातली, तर मुलाच्या काकांनी त्याची कॉलर धरून डोकं भिंतीवर आपटलं. खालून जवान वर धावले. त्या हातभर रुंद जिन्यात लाथा, बुक्क्या, शिव्या यांना ऊत आला. वडील झाकणावर पाना हाणत होते, लाकडाच्या ढलप्या उडत होत्या. मी मध्ये आडवा झालो आणि पुढचा घाव माझ्या भुवईवर बसला. डोळा रक्ताने भरला. एका जवानाने वडिलांचा हात मागे पिरगळला, त्यांच्या खांद्यातून कट्‌ असा आवाज आला. ‘सोड त्यांना,’ मी ओरडलो आणि त्या जवानाच्या मुस्काटात ठेवून दिली.

तेव्हा कुठे सगळे थांबले. दारात त्याची आई उभी होती, हातात तेलाची वाटी.

‘भाऊ, खरं सांगा. तो आत आहे?’

‘आहे.’

‘मग मला त्याला अंघोळ घालू द्या. पाणी तापवलंय.’

‘वहिनी, अंघोळ घालता येणार नाही.’

‘मग तो आत नाही,’ ती शांतपणे म्हणाली. ‘तो येईल.’

तिचा तो शांतपणा मला पान्यापेक्षा जास्त लागला. अशा आया मी पाहिल्या होत्या. फाटक वाजलं की त्या म्हातारपणीही उठून दार उघडतात. मी बंद पेटी चितेवर चढवून परत गेलो असतो, तर ही बाई जन्मभर पाणी तापवत बसली असती. शेजारची गुजराती बाई माझी बाही धरून म्हणाली, ‘साहेब, मा छे. बतावी दो ने.’

दाखवता येईल असं एकच होतं.

मी वडिलांकडेच स्क्रूड्रायव्हर मागितला. एका हाताने खांदा धरून त्यांनी तो आणून दिला. पेटी घरात घेतली, आई-वडील सोडून सगळ्यांना जिन्याखाली पाठवलं. त्या दोघांकडे पाठ करून मी झाकण माझ्यापुरतं उचललं, हातमोजा तळावरच कापून काढून पांढऱ्या कापडात गुंडाळलेला हात बाहेर काढला आणि झाकण पुन्हा पक्कं केलं. पुढे वरिष्ठांनी माझी पुरती खरडपट्टी काढली. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा उघडीन, असं मी टाके घातलेल्या भुवईनिशी त्यांना सांगितलं. बढती लांबली. लांबू दे.

न्हाणीघरात पाटावर मी कापड उलगडलं. आईने आधी बोटं पाहिली. मग दुभंगलेल्या नखावर तिने आपला अंगठा ठेवला आणि तो तसाच ठेवून ती खाली बसली. वडिलांच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा मी इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता. पण तांब्या त्यांनीच भरून दिला.

तिने मनगटाला तेल लावलं, पाणी घातलं, एकेक बोट चोळलं. मूठ उघडेना. तिने हळूच ओढून पाहिली.

‘अंगठा असा का झालाय?’

‘विमानाचा दांडा धरला होता त्याने,’ मी म्हणालो. ‘शेवटपर्यंत सोडला नाही.’

तिने मान हलवली. तांब्या पुन्हा भरून घेतला.

‘सोड आता, बाळा,’ ती त्या हाताला म्हणाली आणि मुठीवर पाणी घालत राहिली.