अळणी आमटी

चूक माझी होती. गाठीमुळे माझ्या डाव्या किडनीचा तुकडा काढला होता आणि वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी गुडघे दुखतात म्हणून मी त्या चोरून घेत राहिलो. तपासणीत किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, तेव्हा बायकोला वाटलं, तिच्याच हातून मीठ जास्त पडलं. तिने घरातलं लोणचं-पापड बंद केलं आणि स्वतःही माझ्याबरोबर अळणी आमटी जेवू लागली. गोळ्यांची पट्टी मी खिशातच लपवून ठेवली.

तपासणीसाठी पुन्हा रक्त द्यायला आम्ही बोरिवलीच्या दवाखान्यात गेलो. बाकावर शेजारी गोराईहून आलेली एक म्हातारी कोळीण होती. तिचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालं होतं. बोलताना ती कुशीवर हात ठेवायची, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा. बाटलीतून घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करायची.

"जन्मभर मासे विकले, आता मीच मासा झाले. दिवसभर आपलं पाणी!"

बायको हसली, मग हळूच म्हणाली, "यांचं माझ्यामुळे बिघडलं हो मावशी. मीठ जास्त झालं."

म्हातारीने तिला न्याहाळलं आणि मला म्हणाली, "किडनी तुझी कापली रे, आणि वाळलीय ही!"

तेवढ्यात म्हातारीला आत बोलावलं. बायकोच्या बांगड्या पार कोपराकडे घसरल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं. खिशातली गोळ्यांची पट्टी मी तिच्या हातात ठेवली.

"मिठाने नाही गं झालं. या गोळ्या मी लपवून खात होतो आणि दोष तुला घेऊ दिला. मला माफ कर."