निवलेलं खत
आबांनी, माझ्या थोरल्या काकांनी, मला शिकवलं. स्वतः ते कधी शाळेत गेले नाहीत. मुरलेल्या खताचा वास आला की चोपड्यातल्या शेतीखात्याच्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवतं. शेतकऱ्यांना दाखवायच्या वाफ्यात मी घाईने अर्धकच्चं शेणखत घातलं आणि उडीद पिवळा पडला. “सायेब, पुस्तकमा असंच लिखेल शे का?” म्हणत सगळे हसत गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. एकट्याने भाकरी खाताना आबांचं बोलणं आठवलं: “खतमा हात घाल. गरम शे तं थांब.” मग रोज ढिगात हात घालत राहिलो, त्या गावात तेवढीच ऊब माझी होती. खत निवलं, पुढच्या पावसाळ्यात उडीद हिरवागार आला, बांधावर माणसं आली. त्याच दिवशी आबांना पत्र धाडलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटात नुसतं चिमूटभर खत घातलं.