जपान-चीन युद्धावरचं रेफेराट

गेल्या मे महिन्यात सासरे सोलापूरहून आमच्याकडे जर्मनीत डार्मश्टाटला आले, तेव्हा पहिला आठवडा त्यांना फार जड गेला. ट्राम शिस्तीत, शेजारी शिस्तीत, आणि रविवारी दुकानंही बंद. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, आणि इथे ऐकायला कुणीच नाही!

मग लेकीला शाळेत रेफेराट मिळालं. रेफेराट म्हणजे वर्गासमोर उभं राहून एखादा विषय मांडायचा. विषय होता जपानमधला लष्करशहांचा उदय आणि चीनवरचं युद्ध. जोडीला वर्गातलीच एक जपानी मैत्रीण. दोघी स्वयंपाकघरात पुस्तकं पसरून बसल्या आणि लेक ओरडली, "मामा, इश फेरश्टेहे निश्ट्स!"

"मामाला कशाला हाक मारतेय ही?" सासऱ्यांनी बाहेरून विचारलं.

"बाबा, इथे आईला मामा म्हणतात. तिला काही समजत नाहीये."

विषय कळताच बाबा खुर्ची ओढून बसले. ते मराठीत सांगायचे, लेक मैत्रिणीला जर्मनमध्ये सांगायची. "फौजेला वाटायला लागलं, देश आपल्याच जोरावर उभा आहे. मंचुरियात त्यांच्या अधिकाऱ्यांनी रेल्वेच्या रुळापाशी स्वतःच स्फोट केला, आळ चिन्यांवर घातला आणि अख्खा प्रांत गिळला. टोकियोतल्या सरकारला विचारलंसुद्धा नाही. पुढे आड आले त्या मंत्र्यांना गोळ्या घातल्या."

"आणि लोक काय करत होते?" हे मैत्रिणीने विचारलं.

"बरेचसे टाळ्या वाजवत होते. सुरुवातीला विजयच विजय होते ना!"

जर्मनीत मुलांना आपल्या देशाने युद्धात काय केलं ते शाळेत वर्षानुवर्षं शिकवतात. "माझ्या शनिवारच्या जपानी शाळेत या युद्धावर जेमतेम एक पान होतं," मैत्रीण म्हणाली.

खालच्या मजल्यावर एक चिनी इंजिनिअर राहतो. त्याची आई ऐंशीच्या घरातली. बाबा आणि ती रोज अंगणातल्या बाकावर शेजारी बसायचे; भाषा एक नाही, पण एकमेकांना संत्रं सोलून द्यायचे. लेकीला वाटलं, आजींनाच विचारू या. मला धास्ती वाटली. घरात जपानी मुलगी असताना हा विषय काढायचा? पण मैत्रीणच म्हणाली, "मला ऐकायचंय." म्हणून शनिवारी दुपारी त्या मायलेकांना जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी आणि बाबांनी आणलेली शेंगाचटणी.

आजींनी चटणी आधी चिमटीने चाखली, मग थेट चमच्याने वाढून घेतली. खाता खाता त्या बोलायला लागल्या. त्यांचा मुलगा जर्मनमध्ये सांगत होता, मी बाबांना मराठीत.

"माझी आई तेव्हा लहान होती. जपानी फौज आली तसं गाव डोंगरात पळालं. आईने कोटात कोंबडी लपवली होती. सगळे घाबरले, ही ओरडली तर मेलोच. पण ती कोंबडी चकार शब्द बोलली नाही! डोंगरावर पोचल्यावर मात्र अशी केकाटली की आजोबांनी कपाळावर हात मारला."

आम्ही हसलो. मग त्या म्हणाल्या, "आईचा मोठा भाऊ मागे राहिला. त्याला मजुरीसाठी पकडून नेलं. तो परत आला नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पुढे सांगितलं:

"डोंगरात आईच्या पायाची जखम एका परदेशी डॉक्टरने बरी केली. त्याचं नाक मोठं होतं, एवढंच तिला आठवायचं."

बाबा ताडकन उठले. "आपल्याकडचे डॉक्टर गेले होते तिकडे! एक तर आमच्या सोलापूरचा! तोच असणार!"

मी जर्मनमध्ये सांगितलं तसा इंजिनिअर हसला. "कॅनडाचाही एक डॉक्टर होता. नाक त्याचंही मोठंच."

"कॅनडा!" बाबा मटकन बसले. आजींना सांगितल्यावर त्या, पदर नसल्याने, तोंडावर हात धरून हसल्या.

या सगळ्यात मैत्रिणीने भाकरीला हात लावला नव्हता. तिने एका जाहिरातीच्या कागदामागे काही चिन्हं लिहिली आणि कागद आजींपुढे सरकवला. जपानी लोक चिनी लिपीतली कितीतरी चिन्हं वापरतात, त्यामुळे मधे दुभाषा लागला नाही. पणजोबा. सैनिक. चीन.

आजींनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग पेन मागून खाली एकच चिन्ह काढलं. मुलीने नकारार्थी मान हलवली, तिला ते वाचता येईना. जपानीत ते सहसा वापरत नाहीत म्हणे. आजींनी सरळ तिचं ताट तिच्यापुढे ढकललं.

"खा, असं लिहिलंय," मुलगा म्हणाला.

ती रडत रडत हसली आणि खाल्लं. चटणी तिखट लागली असणार, पण दोनदा मागून घेतली.

रेफेराट छान झालं. पणजोबांबद्दल तिने वर्गात स्वतःहून सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी जपानला आजोबांना फोन लावला. ते कितीतरी वेळ बोलत राहिले. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सुट्टीत ये, फोटो दाखवतो, म्हणाले. आमच्या लेकीने लगेच स्वतःचंही आमंत्रण काढून घेतलं. सध्या आमच्याकडे भांडी घासतानाही जपानी आकडे घोकणं चालू आहे: इची, नी, सान.